भाऊबीज साडेसहाची की साडेसातची?

दर रविवारी सकाळी आठला मी शिकागोहून साताऱ्याला फोन लावतो. उन्हाळाभर तिकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. २०२४ची भाऊबीज नेमकी रविवारीच आली, ३ नोव्हेंबरला. ताईने साडेसहाला पाट मांडला, पाटावर मोबाइल टेकवून उभा केला, निरांजन लावलं आणि व्हिडिओ कॉल केला. तीनदा. मी ढाराढूर. त्याच पहाटे दोन वाजता इथली घड्याळं तासभर मागे गेली होती, त्यामुळे माझ्याकडे सातच वाजले होते. उठून बघतो तर मेसेज: "तेल संपत आलंय. उठलास की सांग."

आपल्याकडे द्वारकेपासून इटानगरपर्यंत बारा महिने एकच वेळ. (मुंबई मात्र १९०६मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही कित्येक वर्षं आपली ३९ मिनिटं मागेच धरून बसली होती. मुंबईच ती!) अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. युरोप हेच करतो, पण वेगळ्या रविवारी. ॲरिझोना जवळजवळ सगळा या भानगडीत पडतच नाही.

लाजिरवाणी गोष्ट अशी की मी पोटापाण्यासाठी वेबसाइट बनवतो. म्हणजे हे मला झोपेतही कळायला हवं. पण इथे आल्यावर पहिल्याच वर्षी एका दवाखान्याच्या अपॉइंटमेंट मी घोळात घातल्या होत्या. वेळ डेटाबेसमध्ये नेहमी यूटीसीत (म्हणजे जगाच्या सामायिक प्रमाणवेळेत, जी कधी मागेपुढे होत नाही) ठेवायची, हा मंत्र माझ्याकडून घोटून घेतला होता. घडून गेलेल्या गोष्टींसाठी तो चोख आहे. कुणी पैसे कधी भरले, लॉगिन कधी केलं, बिनधास्त यूटीसी. पण "दर मंगळवारी सकाळी नऊ" हेही मी ऑक्टोबरात यूटीसीचे १४:०० करून ठेवलं. नोव्हेंबरात घड्याळ मागे गेलं आणि त्याच १४:००चे शिकागोत आठ झाले. पेशंटना आठचे मेसेज गेले. बंद दारासमोर थंडीत कुडकुडणाऱ्या एका आजींनी मला फोनवर जे सुनावलं, ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

पुढची वेळ साठवताना "सकाळी नऊ" आणि "अमेरिका/शिकागो" असं दोन्ही जसंच्या तसं ठेवायचं. नुसतं "यूटीसी उणे पाच", म्हणजे यूटीसीच्या पाच तास मागे, असं लिहून भागत नाही, कारण शिकागो हिवाळ्यात उणे सहा असतं. शिवाय सरकारं नियम बदलतात. मेक्सिकोने २०२२मध्ये बहुतेक देशापुरतं घड्याळ मागेपुढे करणं बंदच केलं. हे सगळे बदल टाइम झोन डेटाबेस नावाच्या एका फुकट मिळणाऱ्या यादीत नोंदले जातात, आणि जगभरचे बहुतेक फोन आणि कितीतरी कॉम्प्युटर वेळेसाठी तिच्यावर चालतात. आपली नोंद तिथे "एशिया/कोलकाता" अशी आहे. मुंबईकरांनी वाईट वाटून घेऊ नये. दुसऱ्या महायुद्धात भारताचं घड्याळही तासभर पुढे केलं होतं, तेसुद्धा त्या यादीत सापडतं.

आणि जिथे घड्याळाचा संबंधच नाही तिथे ते आणूच नये. इथल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर मी सणांचं कॅलेंडर टाकलं होतं. नुसती तारीख दिली की जावास्क्रिप्टने (वेबसाइट ज्या भाषेत चालतात तिने) ती यूटीसीतली मध्यरात्र धरली, आणि शिकागोत तेव्हा आदली संध्याकाळ असते. परिणामी आमच्या मंडळाचा स्वातंत्र्यदिन १४ ऑगस्टला! एका काकांचा फोन आला, "अरे, आपण कुठल्या देशाचे?"

तर, भाऊबीज. २०२४ला मी ताईला सगळं नीट समजावलं आणि आठ वाजता, म्हणजे तिच्या साडेसातला, ओवाळून घेतलं. तिने कॅलेंडरवर लिहून ठेवलं: "भाऊबीज, ७.३०." २०२५ला भाऊबीज २३ ऑक्टोबरला आली, घड्याळ बदलायच्या आधी. मी आठपासून अंघोळ करून, कुर्ता घालून बसलो. ताईचा कॉल आला तो बरोब्बर तिच्या साडेसातला, माझ्या नऊला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. कॅमेरा चालू होता आणि अंगात कुर्ता.