बंड्याने आणलेला ससा

माझ्याकडे येणाऱ्या लोकांच्या मागण्या ठरलेल्या असतात. कुत्र्याने सोफा फाडू नये, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांवर भुंकू नये, रस्त्यावर आपल्याला फरफटत नेऊ नये. बारा वर्षं मुंबईत कुत्रे शिकवते आहे, त्यापलीकडे कुणी फारसं काही मागत नाही. त्यामुळे पार्ल्याच्या काकांचा फोन आला तेव्हा आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं असं मला वाटलं.

"गोळी झाडली तरी त्याने जागचं हलायचं नाही. एवढंच शिकव."

"कोण झाडणार, काका?"

"समज, मी."

काका डॉक्टर. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या एका खेड्यात तीसेक वर्षं प्रॅक्टिस करून परत आलेले. तिथला एक शेतकरी त्यांचा पेशंट, आणि त्याच्या शेतात सशांचा उच्छाद. कोवळं पीक बांधाच्या कडेने कुरतडून पट्टेच्या पट्टे साफ. तिथे ससे मारायला बंदी नाही. उलट शेतकऱ्याने आपल्या जमिनीवरचे ससे आटोक्यात ठेवावेत असाच कायदा आहे. म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी दवाखाना बंद करून काका रायफल घेऊन बांधाला पालथे पडायचे, आणि शेजारी त्यांची लॅब्रॉडॉर कुत्री.

इथे बंदूक मिळेल का, असं मी विचारलंच. काका हसले. "१९७२चा वन्यजीव कायदा आहे, बाई. इथे सशावर नेम धरला तर जामीन द्यायला तूच येशील का?" त्यांना शिकार नको होती. त्यांना शेजारी तसा पडून राहणारा कुत्रा हवा होता. बंड्या, अकरा महिन्यांचा काळा लॅब्रॉडॉर, तेव्हा काकूंची चप्पल तोंडात धरून हॉलमध्ये फेऱ्या मारत होता.

मला वाटायचं, शिकारीच्या कुत्र्याची हुशारी आणण्यात असते. काकांनी पहिल्याच दिवशी ते खोडून काढलं. आणणं त्याच्या रक्तातच आहे. लॅब्रॉडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची जाळी आणि गळातून निसटलेले मासे पाण्यातून ओढून आणायचे. शिकवायचं असतं ते न आणणं. शॉटगनवाल्याचा पक्षी वर उडतो, छरेही वरच जातात. रायफलवाला जमिनीलगत मारतो, म्हणजे कुत्रा ज्या वाटेने धावेल त्याच वाटेने गोळी जाते. पॉइंट टू टू रायफलची गोळी दिसायला पेन्सिलीच्या टोकाएवढी, पण दगडावर आपटली की कुठेही उसळते, आणि मोकळी सुटली तर मैलाच्याही पुढे जाते. म्हणून सशाच्या पाठीशी मातीचा चढ नसेल तर काका झाडायचेच नाहीत. नळीच्या तोंडाला आवाज दाबणारा सायलेन्सर, गोळीही ध्वनीपेक्षा कमी वेगाची. एक ससा आडवा झाला तरी बाकीचे जरा कान टवकारतात आणि पुन्हा चरायला लागतात. कुत्र्याने तेवढ्यात उडी घेतली तर सगळे बिळात, संध्याकाळ संपली. कुत्रीने तासभर पडून राहायचं, पडलेले ससे नजरेत ठेवायचे, आणि अंधारून आल्यावर "आण" म्हटलं की एकेक आणून हातात द्यायचा.

हे ऐकल्यावर मला काम आवडायला लागलं. मटण खाणाऱ्या घरातली असले तरी मला ससा मारण्यात काही गंमत वाटत नाही, आणि ते मी काकांना स्पष्ट सांगितलं. पण तासभर पडून राहणारा लॅब्रॉडॉर? माझे निम्मे गिऱ्हाईक तेवढ्यासाठी दागिने गहाण टाकतील.

चार महिने गेले. गच्चीच्या एका टोकाला बंड्याचं जेवण, दुसऱ्या टोकाला मी कुकरचं झाकण वाजवत उभी. मग दिवाळीतली टिकल्यांची बंदूक, आधी दोन मजले खालून, मग जवळून. आवाज म्हणजे जेवण हे गणित त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की त्या दिवाळीत बिल्डिंगमधले सगळे कुत्रे पलंगाखाली असताना हा सुतळी बॉम्ब फुटला की वाटीकडे बघायचा. कॅनव्हासची अर्ध्या किलोची डमी, म्हणजे खोटी शिकार, मी फेकायची, त्याने बसून बघायचं, आणि दोनदा फेकली तर एकदा मीच चालत जाऊन उचलून आणायची. पडलेली प्रत्येक वस्तू आपली नसते, हे कुत्र्याला कळायला दुसरा मार्ग नाही. शेवटी शिट्टी. एक लांब फुंकर म्हणजे असशील तिथे बस.

फेब्रुवारीतला एक रविवार. आरेत मी ऊन चांगलं वर आल्याशिवाय कुत्रा गाडीतून उतरवत नाही. तिथले बिबटे कुत्री उचलतात, आणि ते काही मी काठी आपटल्याने घाबरत नाहीत. साडेनऊला तबेल्यांच्या मागच्या गवताळ तुकड्यावर पोचलो. काका घडीच्या खुर्चीवर, मी उभी. डमी मी आधीच गवतात लपवून आले होते.

बंड्याला सोडलं. सरळ गेला, छान गेला, आणि मध्येच नाक वर करून डावीकडे वळला. मी शिट्टी मारली. थांबला नाही. पुन्हा मारली. गवताच्या शेंड्यांवरून त्याची शेपटी दिसत होती, ती गरागरा फिरायला लागली आणि मग अचानक थांबली.

बाहेर आला तेव्हा डोकं उंच धरलेलं, पावलं अगदी सावकाश. तोंडाच्या एका बाजूने दोन कान लोंबत होते.

मी धावायला एक पाऊल टाकलं आणि काकांनी माझं मनगट धरलं. "पळू नकोस. ओरडूही नकोस. हिसकावणार असं वाटलं की तो जबडा आवळेल. पाठ कर त्याच्याकडे आणि खाली बस." कुत्र्याचं तोंड मऊ राहतं ते घेणाऱ्याला घाई नसली तरच, हे मी लोकांना दर आठवड्याला सांगते. त्या क्षणी आठवलं नाही. खाली बसले. मागून ओला श्वास आला. काकांनी हात पुढे केला, "दे." आणि बंड्याने दिला.

ससा जिवंत होता. हातात येताच त्याने मागच्या पायांनी अशी लाथ झाडली की काकांनी त्याला छातीशी दाबून अंगातल्या स्वेटरमध्ये गुंडाळला, डोळ्यांसकट. सशाच्या मागच्या पायांना आधार नसला तर तो लाथ मारता मारता स्वतःचाच कणा मोडून घेतो. रंग मातकट तपकिरी. माझ्या डोक्यात एकच: रानातला ससा, माझ्या कुत्र्याने धरला, म्हणजे शिकारच. वनखात्याला काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवायलाही लागले होते.

काकांनी स्वेटरमधून एक पंजा बाहेर काढला. "नखं बघ." लांब, वाकडी झालेली. "मातीत पळणाऱ्याची नखं अशी वाढतात? पिंजऱ्यातला आहे हा. कुणीतरी आणून सोडलाय."

मराठीत हेअर आणि रॅबिट दोघांनाही ससाच म्हणतात, तिथे घोळ होतो. आपल्याकडचा रानातला ससा बीळ खणत नाही, गवतात नुसता खळगा करून बसतो, आणि त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. काकांच्या नॉरफोकचे, आणि आपल्या बाजारात पिंजऱ्यात मिळणारे, ते वेगळे. ते बिळात राहतात, पिल्लं आंधळी नि उघडी जन्मतात, कान आखूड, पाय आखूड. लहान मुलाच्या हट्टापायी घेतात, घरभर लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी झाल्या की "निसर्गात" सोडून येतात. आरेचा निसर्ग अशा सशाला एक रात्र ठेवत असेल.

गाडी मी चालवली. मागे काका स्वेटर मांडीवर घेऊन, बोटं सशाच्या छातीवर ठेवून ठोके मोजत होते. गोरेगाव येईपर्यंत एकदाच बोलले. "शेकड्यांनी आणले असतील मी घरी. जिवंत कधी हातात घेतला नव्हता."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सगळ्या अंगावरचे केस फुंकून फुंकून बघितले. बंड्याच्या लाळेने ओलाचिंब, पण कुठे दात लागलेला नाही. खरी भीती धक्क्याची, म्हणाल्या. घाबरलेला ससा खाणं सोडतो, आणि खाणं थांबलं की त्याचं आतडं थांबतं. अंधारात, शांत ठेवा, कोथिंबीर पुढे ठेवा, आणि घरातलं अँटिबायोटिक मनाने देऊ नका. माणसांना सर्रास देतात त्यातलं अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटात गेलं तर जीव घेऊ शकतं. काकांनी हे निमूट ऐकून घेतलं. डॉक्टर माणसाने असं ऐकून घेताना मी तरी प्रथमच बघितलं.

परतताना आमचं वाजलं. काका खुशीत होते. "काय तोंड आहे पोराचं! अंडं दिलं तरी अख्खं आणेल."

"काका, दोन शिट्ट्या झाल्या. तो थांबला नाही."

"नाकापुढे वास असताना कोण थांबतं?"

"तिथे तुम्ही दुसऱ्या सशावर नेम धरलेला असता तर?"

पार्ल्याचा सिग्नल सुटेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रविवारी पहिल्यापासून सुरू कर."

तसंच केलं. पाच पावलांवरून, शिट्टी आणि बस, पुन्हा पिल्लू असल्यासारखं. आरेत अजून नेलेला नाही.

सशाने त्या रात्री दोन वाजता कोथिंबीर खाल्ली. काकांनी तेव्हाच मेसेज केला होता, मी सकाळी बघितला. मालकाचा शोध घेतला, कुणी आलं नाही. आता पिंजरा त्यांच्या बाल्कनीत आहे आणि बंड्या समोर पालथा पडलेला असतो, हनुवटी पंजांवर, तास तास. उठत नाही, भुंकत नाही, गजांना नाकही लावत नाही. काकूंची तक्रार फक्त फरशीवरच्या लाळेच्या थारोळ्याची आहे.