सजावटीची पाठ

कॅलिफोर्नियात मुलीकडे तीन महिने राहून आम्ही बडोद्याला परतलो, आणि त्याच्या पुढच्याच रविवारी फोटो बघायला घरी सात-आठ माणसं जमली. चहा झाला, लिलो चिवडा झाला. पुतण्यानं माझा मोबाइल टीव्हीला जोडला. डिस्नेलँडचा ख्रिसमस बघायचा म्हणून सगळे सरसावून बसले. पहिला फोटो आला. एका हिरव्या माळेची मागची बाजू. दुसरा आला. दिव्याच्या खांबाचं बूड. तिसऱ्यात छपराची पन्हळ आणि तिच्या कडेनं गेलेली बल्बांची रांग. चौथ्यात मिकी माउस होता, पण निम्मा, कारण मला त्याच्या पलीकडच्या कमानीचा सांधा हवा होता.

"काका, हे काय आहे?" शेजारच्या सूनबाईंनी भीत भीत विचारलं.

"वायर कुठून नेलीये ते बघत होतो."

"पण वायर तर दिसतच नाहीये."

"तेच तर!"

आमची ही कपाळाला हात लावून आत निघून गेली. तिचं म्हणणं असं, की लोक देवळात जाऊन मूर्तीचं दर्शन घेतात आणि हा माणूस गाभाऱ्याच्या मागं जाऊन गिलावा बघतो. अकराशे फोटो काढले, त्यात सबंध किल्ला एकदाच आलाय, आणि त्यात मी डोळे मिटलेली आहे, असंही ती आतून म्हणाली. खरं आहे ते.

यात माझा दोष थोडा आहे, बडोद्यातल्या दांडिया बाजाराचा जास्त. आमचं लहानपण तिथल्या एका वाड्यात गेलं आणि त्या वाड्यातल्या गणपतीची आरास हा बाबांचा प्रांत होता. वर्षभर ते कचेरीत कारकून असत. भाद्रपदाच्या आधीचे पंधरा दिवस मात्र इंजिनियर. तयार माळा बाजारात मिळत नव्हत्या असं नाही, पण विकतची माळ लावणं त्यांना विकतचे मोदक आणण्याइतकं कमीपणाचं वाटे. ६ व्होल्टचे ४० बल्ब एकापुढं एक जोडायचे, चाळीस सक दोनशे चाळीस, की माळ थेट भिंतीतल्या विजेवर चालते. हा हिशेब मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ होता. बल्बांवर लाल-हिरवा जिलेटीन कागद गुंडाळायचा, तो सुटू नये म्हणून दोऱ्याचे दोन वेढे. आणि मग ऐन आरतीच्या वेळी एक बल्ब जायचा. ओळीनं जोडलेले, त्यामुळं एक गेला की चाळीसही गेले. बाबा स्टुलावर चढत, हातात एक चांगला बल्ब. पहिल्या जागेपासून तो बसवून बघत पुढं सरकायचं. खाली बटणापाशी मी. "चालू... बंद... चालू..." कधी सातव्या जागी दिवाळी व्हायची, कधी अडतिसाव्या. तोवर आरतीवाले टाळ हातात धरून उभे.

एवढं करून माळ पेटली, तरी वायर दिसली की बाबा पुन्हा स्टुलावर. वायर खांबामागून जायची, झिरमिळ्यांच्या आडून जायची, गणपतीच्या मागं फिरणाऱ्या चक्राच्या पोटातून जायची. पाहुणे "वा, छान!" म्हणून प्रसाद घेऊन जात. एखादाच मखराच्या मागं डोकावे, आणि बाबा त्याला खास जास्तीचा मोदक देत.

अशा घरातल्या माणसाला डिसेंबरात डिस्नेलँडला नेलं तर तो काय करणार?

तशी ख्रिसमसच्या सजावटीशी माझी ओळख बडोद्यातल्या फत्तेगंज या भागाइतकीच. लहानपणी नाताळात सायकलवरून तिकडं चक्कर व्हायची. चर्चच्या आवारात आणि घराघरांच्या व्हरांड्यात कागदी चांदण्या टांगलेल्या, प्रत्येकीच्या पोटात एक बल्ब, आणि बल्बाची वायर सरळ खिडकीतून घरात गेलेली. लपवाछपवी नाही. त्यामुळं डिस्नेलँडच्या दारातून आत शिरताच समोर ६० फुटांचं झाड उभं राहिलं, तेव्हा माझी नजर आपोआप त्याच्या बुडाशी गेली. झाड खोटं आहे हे कळत होतं, पण एवढ्या दिव्यांना वीज पुरवणारी एक तरी जाडजूड केबल असायला हवी. मी गर्दीतून वाट काढत कठड्यापर्यंत पोचलो. नाही. भेटवस्तूंची खोकी, फुलं, पानं. केबल नाही.

सेल्फी स्टिक आत नेता येत नाही, २०१५ पासून बंदी आहे, मोठा ट्रायपॉडही चालत नाही, हे जावयानं घरीच सांगितलं होतं. त्यामुळं दिवसभर त्याचा खांदा हाच माझा ट्रायपॉड. तिकडं डिसेंबरात पावणेपाचला सूर्य मावळतो आणि मग अर्धा-पाऊण तास आकाश शाईसारखं निळं राहतं. दिव्यांचे फोटो काढायची खरी वेळ तीच. पूर्ण काळोख झाला की मोबाइल घाबरतो, दिव्यांच्या नुसत्या पांढऱ्या फटक लाह्या करतो. पडद्यावर बोट ठेवून उजेड खाली ओढावा लागतो, तेव्हा कुठं बल्बाला बल्बाचा रंग येतो. आणि रात्रीच्या फोटोला तीन सेकंद श्वास धरून उभं राहावं लागतं. त्या तीन सेकंदांत जे हलत नाही ते लख्ख येतं, हलतं ते पुसून जातं. माझ्या फोटोंत म्हणून झाडं, माळा, कमानी ठसठशीत आहेत आणि माणसं धुराच्या पट्ट्यांसारखी. त्यातली एक गुलाबी पट्टी म्हणजे आमची नात.

पण काम! काय काम आहे हो त्या लोकांचं! मेन स्ट्रीट नावाचा जो पहिला रस्ता लागतो, तिथल्या घरांचे वरचे मजले खालच्यापेक्षा लहान मापाचे बांधलेत. त्यामुळं घरं आहेत त्याहून उंच वाटतात. रस्त्याच्या टोकाचा किल्लाही जेमतेम ७७ फुटांचा. त्याचे दगड वर वर जाताना लहान होत जातात आणि डोळा फसतो. जावई हे कौतुकानं सांगत होता आणि मला बाबा आठवत होते. आमच्या मखराचे मागचे खांब पुढच्यांपेक्षा चार बोटं बुटके असत. बाबा त्याला "खोली आणणं" म्हणत. १९५५ साली संत्र्यांच्या बागा तोडून हे गाव उभं करणाऱ्यांना आणि दांडिया बाजारातल्या कारकुनाला तीच युक्ती सुचावी, याचं मला फार बरं वाटलं. जावयाला सांगितलं. तो "हो का?" म्हणाला.

त्या भागात बर्फ पडत नाही, म्हणून रात्री ते छपरांवरून साबणाचा फेस भुरभुरवतात. फोटोत हुबेहूब बर्फ दिसतो. नातीनं जीभ बाहेर काढून तो झेलायला सुरुवात केली आणि माझ्या बायकोनं अस्सल बडोदेकरी आवाजात "अगं, साबू आहे तो!" अशी आरोळी ठोकली. आजूबाजूच्या चार देशांतल्या माणसांनी वळून पाहिलं.

समोरच त्यांची दुसरी बाग आहे, तिचं तिकीट वेगळं. तिथं निरनिराळ्या सणांच्या घोळक्यात आपल्या दिवाळीलाही जागा दिलीय हे बघून ही खूश झाली. मी मात्र त्या बागेतल्या मोटारींच्या गावात अडकलो. त्या गावातले रहिवासी म्हणजे मोटारी, आणि नाताळची सजावट त्यांनी आपल्या हातानं केलीय, नव्हे, चाकानं, अशी कल्पना. मग माळा कशाच्या? गाडीच्या सुट्या भागांच्या. हिममानव टायरांचा. मी तिथं पाऊण तास होतो. घरचे एका राइडच्या रांगेत उभे राहून, बसून, किंचाळून परत आले, तरी मी तिथंच. कारण हे आमचंच होतं. एका वर्षी वाड्यासमोरच्या शिंप्याकडून दोऱ्याची रिकामी रिळं गोळा करून बाबांनी अख्खी कमान केली होती. आधीचे सहा महिने तो शिंपी आम्हाला बघितलं की रिळ पुढं करायचा. तसा इथंही कोणीतरी असणार, भंगाराच्या ढिगापुढं उभा राहून "हे झुंबराला चालेल" म्हणणारा. त्या एका कोपऱ्याचे माझ्याकडं एकशे बारा फोटो आहेत. पुतण्यानं त्यातले नव्वद पुढं ढकलले.

विजेच्या दिव्यांचं ख्रिसमसचं पहिलं झाड असंच एका खटपट्या माणसानं घरी केलेलं. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन, १८८२ साली, न्यूयॉर्कमध्ये. लाल, पांढरे, निळे ८० बल्ब, सगळे हातानं जोडलेले, आणि ते झाड विजेवर गोल फिरत होतं. ८० म्हणजे बाबांच्या बरोबर दोन माळा, आणि शिवाय फिरतं चक्र! पहिल्या रात्री त्या घरात बटणापाशी कोण उभं होतं, एवढंच मला विचारायचंय.

मेन स्ट्रीटवर अग्निशामक बंबाची एक जुन्या धर्तीची इमारत आहे. तिच्यावरच्या छोट्या खोल्यांत खुद्द वॉल्ट डिस्ने मुक्कामाला राहत. त्यांच्या आठवणीसाठी त्या खिडकीत दिवा ठेवलेला असतो आणि नाताळात तिथं एक लहानसं झाड दिसतं. हे मला दिसलं नव्हतं. बायकोला दिसलं. सबंध दिवसात तिनं माझा मोबाइल मागून घेतला तो एकदाच, त्या खिडकीसाठी. "हे आपल्या घराएवढं आहे," म्हणाली. तिचा तो फोटो हललेला आहे, तिरका आहे, खिडकीच्या काचेत पलीकडच्या दुकानाचे दिवे आलेत. रविवारी टीव्हीवर सगळ्यात जास्त वेळ थांबला तो तोच. मी काही बोललो नाही.

मला तिथं एकच गोष्ट सापडली नाही: शिडी. एवढ्या माळा, एवढे दिवे, आणि कुठं शिडी नाही, टेपचा तुकडा नाही, खाली पडलेली एखादी खिळ्याची टोपी नाही. हे सगळं रात्री, बाग बंद झाल्यावर, नोव्हेंबरात बांधतात आणि जानेवारीत तसंच रात्री उतरवतात. केर गोळा करणाऱ्या एका मुलाला मी माझ्या इंग्रजीत विचारलं, की याचा प्लग कुठं असतो. जावयानं तेवढ्यात आकाशाकडं बघायला सुरुवात केली. मुलगा गोड हसून म्हणाला, "मॅजिक!" मॅजिकलाही प्लग लागतो बाबा, हे मी मराठीत म्हणालो.

परतीच्या विमानात हिशेब केला. वाड्यातल्या तीसेक वर्षांच्या आराशीचे आमच्याकडं फोटो किती? तीन. आरास पुरी व्हायची तेव्हा हाताला खळ असायची, डोळ्यात झोप, आणि भटजी दारात. कॅमेरा कोण काढतो? शिवाय जे आपण बांधलं ते पाठच असतं. इथं मात्र बोट लावायची सोय नव्हती. परक्याच्या घरी लग्नाला गेलेल्या पाहुण्याला कोणी काम सांगत नाही, मग तो उगाच पंगतीत फिरून "पाणी हवंय का?" विचारतो ना, तसे माझे अकराशे फोटो. त्या जुन्या तिनांपैकी एकात बाबा आहेत, स्टुलावर, कॅमेऱ्याकडं पाठ, कानामागं टेस्टर. चेहरा नाहीच. कोणी काढला तो फोटो, घरात कोणालाच आठवत नाही.

तर रविवारी. शेजारचे उठले, सूनबाई "सरस आहे सगळं, काका" म्हणून गेल्या. पुतण्या राहिला आणि त्याच्या मंडळातली तीन पोरं, जी चिवड्यासाठी थांबली असावीत असा माझा समज होता. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. माळेची पाठ आली तिथं एकजण थेट टीव्हीपाशी जाऊन उकिडवा बसला.

"मोठं कर. अजून. थांब! केबल टाय आहे."

हिरवी. पानाच्याच रंगाची. आणि तिचं उरलेलं शेपूट अगदी मुळाशी कापलेलं. आमची पोरं शेपूट तसंच सोडतात. गेल्या गणपतीत सगळ्या कमानीला मिशा फुटल्या होत्या. पुतण्यानं माझ्याकडं पाहिलं. दहा वर्षं मी मंडळाचा सल्लागार आहे आणि दहा वर्षं हेच सांगतोय, हे तो तोंडानं म्हणाला नाही, एवढंच.

मग एकेक फोटो मोठा करकरून त्यांनी तासभर शोधाशोध केली. पन्हळीच्या आत चिमटे सापडले. कमानीच्या सांध्यावर पान मुद्दाम आडवं लावलेलं सापडलं. नऊ वाजता हिनं सगळ्यांना खिचडी वाढली आणि जाताना पोरं ते एकशे बारा फोटो आपल्या मोबाइलवर घेऊन गेली.

रात्री सव्वाअकराला मंडळाच्या ग्रुपवर एकाचा मेसेज आला: "काका, सगळं बघितलं. पण प्लग?"

मी चष्मा लावला, उशी पाठीशी घेतली आणि फोटो क्रमांक एकपासून पुन्हा सुरू केलं.

"अहो, दिवा बंद करा," ही म्हणाली.