शेंदूरजन्याहून डोळे आणताना

जानेवारीत शेंदूरजना घाटला जाऊन आलो. वरुड तालुक्यातलं हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी विदर्भभर ठाऊक. कलमाचा खुंट म्हणून वाढवलेली माझी जंबेरीची 400 रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली होती, हवे होते फक्त त्यांवर बसवायला नागपुरी संत्र्याचे डोळे, म्हणजे काडीवरच्या कळ्या.

काडी गोल हवी, सालीवर पांढुरक्या रेषा उमटलेली. माझ्या जुडीत वरच्या दहा तशा, आत सगळ्या कोवळ्या, तिकोनी. विकणाऱ्याला काड्यांचं झाड दाखवा म्हटलं तर "अंधार पडतोय" म्हणाला, तेव्हा तीन वाजले होते! वर 'हार्मोन' म्हणून बिनलेबलची बाटली 350 रुपयांना गळ्यात मारली. जुडी सोडून बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका.

खरा घात परतीत झाला. काळी-पिवळीत जागा नाही म्हणून जुडी टपावर बांधली. वरुड ते मोर्शी ऊन आणि वारा खाऊन अमरावतीला उतरवली तेव्हा साल सुरकुतलेली. चूक माझीच. पानं कापून फक्त देठ ठेवा, काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि मांडीवर घेऊन बसा. सीटचे दोन तिकीट पडले तरी चालेल. टपावर नाही म्हणजे नाही.

डोळे भरणारा, म्हणजे रोपाच्या सालीत चीर देऊन डोळा बसवणारा माणूस डोळ्यामागे पैसे घेतो, धरो न धरो. पंधरा-वीस दिवसांनी बोटाने देठ हलवून पाहिला. टचकन गळला तर डोळा धरला, वाळून चिकटून बसला तर गेला. माझे 400 पैकी 130 धरले. भरण्याआधी रोपांना पाणी दिलं होतं, साल छान सुटत होती, म्हणून खापर काडीवरच फोडतो.

बाटली उघडलीच नाही. जिब्रेलिक ॲसिडसारखं हार्मोन रोप उंच करायला ठीक (थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मगच पाण्यात), सुकलेल्या डोळ्यात ते जीव घालत नाही. धरलेला डोळा फुटायला आळस करत असेल तर डोळ्याच्या वरचा जंबेरीचा खुंट वाकवा, फुकट काम होतं.

डोळा जमिनीपासून वीतभर वर भरून घ्या. माणूस वाकायचा कंटाळा करत नाही, उलट खाली बसून बुडाशीच भरतो, आणि मग पावसाळ्यात डिंक्या, बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग.

दुसऱ्या खेपेला नागपूरला अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत गेलो. दिवस निवांत गेला, काड्या मांडीवरच होत्या. उरलेली 270 रोपं पुन्हा भरली आहेत.