नॅशव्हिलमधलं नागपूर

नॅशव्हिलला जाऊ या म्हटल्यावर मुलाला वाटलं, आईला उतारवयात कंट्री म्युझिकचं वेड लागलं. अटलांटाहून गाडीने चार तास. वाटेत घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे आठला निघून अकराला पोचलो. ब्रॉडवेवर त्या वेळीही बारमधून गिटारी वाजत होत्या. "हे संध्याकाळी," मी म्हटलं, "आधी लायब्ररी."

सार्वजनिक लायब्ररी चर्च स्ट्रीटवर आहे. दुसऱ्या मजल्यावर नागरी हक्क चळवळीची खोली आणि तिच्यात 1960 मध्ये काळ्या विद्यार्थ्यांनी दुकानांतल्या ज्या फक्त गोऱ्यांसाठीच्या लंच काउंटरवर, म्हणजे खाण्याच्या काउंटरवर, बसून सत्याग्रह केला, त्यांची आठवण म्हणून केलेला गोल काउंटर. त्यावर सत्याग्रही विद्यार्थ्यांचे दहा नियम लिहिलेत. कुणी मारलं तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. ताठ बसा, तोंड कायम काउंटरकडे. म्होरक्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. आणि शेवटी, येशू ख्रिस्त, महात्मा गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची शिकवण आठवा.

हे नियम जॉन लुईस आणि बर्नार्ड लाफायेट या दोन विद्यार्थ्यांनी लिहिले. त्यांना घडवणारे जेम्स लॉसन, आणि मी आले होते ती लॉसन यांच्यासाठी. कारण नॅशव्हिलच्या आधी हा माणूस आमच्या नागपुरात होता.

लॉसन मेथडिस्ट पाद्र्याचे चिरंजीव, वाढले ओहायोत. लहानपणी एका गोऱ्या पोराने गाडीतून वर्णावरून शिवी हासडली, तेव्हा यांनी त्याच्या थोबाडीत दिली आणि घरी येऊन आईला सांगितलं. आई चुलीपाशी होती. पाठमोरीच म्हणाली, त्याने काय भलं झालं? पुढे कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीची सैन्यभरती नाकारली म्हणून 13 महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर, 1953 मध्ये, मिशनरी म्हणून हिस्लॉप कॉलेजात आले. तिथे ते शिकवायचे आणि खेळाडूंचे कोचही होते. अमेरिकेत माँटगोमेरीतल्या काळ्या लोकांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर घातलेल्या बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली ती 'नागपूर टाइम्स'मध्ये! बर्डीहून सिव्हिल लाइन्सला सायकलने जाताना हिस्लॉपचं फाटक मी शेकडो वेळा ओलांडलं असेल. हे ठाऊक मात्र साठी उलटल्यावर झालं.

1956 मध्ये ते परतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. समतेसाठी एकाने जन्माने मिळालेला धर्म सोडला, दुसऱ्याने आपल्या धर्मातच पाय रोवून भांडण मांडलं. खरं बळ कशात, यावरून आमचा मायलेकांचा गाडीत अर्धा तास वाद झाला. मिटला नाही.

फेब्रुवारी 1957 मध्ये ओबर्लिनला लॉसन किंगना भेटले. दोघेही 28 वर्षांचे. अमेरिकेच्या दक्षिणेत कधीतरी काम करायचंय, असं लॉसन म्हणाले. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या. मग लॉसन नॅशव्हिलला आले, व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले आणि फिस्क विद्यापीठाजवळच्या क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चमध्ये त्यांचे अहिंसेचे वर्ग सुरू झाले.

दुपारी तिथे गेलो. दार बंद होतं. बाहेरून एक चक्कर मारली. बघण्यासारखं म्हणाल तर काही नाही, पण मला तिथेच जास्त वेळ उभं राहावंसं वाटलं. आत चालायची ती अक्षरशः तालीम होती. निम्मी मुलं काउंटरवर बसायची, बाकीची गोऱ्या गुंडांची सोंगं घ्यायची. केस ओढायचे, ढकलायचे, घाणेरड्या शिव्या घालायच्या. बसलेल्याने हात उचलायचा नाही. आमच्याकडे 'दुसरा गाल पुढे करा' हे वाक्य बावळटपणाची थट्टा करायला वापरतात. ते वाक्य येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं. लॉसन यांनी ते प्रवचन कोचच्या डोळ्यांनी वाचलं असावं, असं मला वाटतं. शत्रूवर प्रेम करणं अंगवळणी पडायचं तर रोज घाम गाळावा लागतो.

त्यांचा स्वतःचाही सराव पक्का होता. एकदा रस्त्यात एक गोरा तरुण त्यांच्या अंगावर थुंकला. लॉसन यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. गोंधळून त्याने दिला. तोंड पुसून, रुमाल परत करून, लॉसन यांनी त्याच्या मोटरसायकलची चौकशी सुरू केली.

13 फेब्रुवारी 1960 ला विद्यार्थी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या दुकानांत जाऊन बसले. आता त्या रस्त्याला जॉन लुईस यांचं नाव आहे. त्या दुकानांत काळ्यांना वह्या, टूथपेस्ट विकत मिळे, पण काउंटरवर बसून सँडविच नाही. 27 तारखेला गुंडांनी मुलांना स्टुलांवरून ओढून मारलं. पोलिसांनी धरलं ते मार खाणाऱ्यांना, 81 जणांना. एक तुकडी नेली की दुसरी येऊन बसे. 50 डॉलर दंड भरायला नकार देऊन मुलं तुरुंगात गेली. ईस्टरला काळ्या कुटुंबांनी त्या दुकानांतून नवे कपडे घेतले नाहीत. आपल्याकडे दिवाळीला असं करून बघा म्हणजे कळेल. ईस्टरनंतर दोनच दिवसांनी, 19 एप्रिलला, विद्यार्थ्यांचे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक मुक्याने चालत महापौरांकडे गेले. रंगावरून भेदभाव करणं योग्य आहे का, असं डायन नॅश या विद्यार्थिनीने तोंडावर विचारलं, आणि महापौर नाही म्हणाले. 10 मेपासून काउंटर खुले होऊ लागले.

श्रद्धेचं कौतुक करताना एक गोष्ट मला टोचत राहते. बायबल गोऱ्यांच्या चर्चमध्येही तेच होतं, आणि त्यातली बहुतेक गप्प होती. लॉसन यांना तर धर्मशास्त्र शिकवणाऱ्या विद्यापीठानेच मार्चमध्ये काढून टाकलं. पुढे त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने शिकवायला बोलावलं आणि तेही गेले. 2024 च्या जूनमध्ये, 95 व्या वर्षी ते वारले.

संध्याकाळी भूक लागली. एका खानावळीत टेबलं भरलेली होती, काउंटरवर दोन स्टुलं रिकामी. तिखट चिकन मागवलं. थोड्या वेळाने मुलगा माझ्याकडे बघून हसला.

"आई, कोपर टेकलंस तरी चालेल आता."