साधे की प्रीमियम: ऑक्टेनचा आकडा कसा निवडावा
गेल्या पावसाळ्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना, खंबाटकी घाटाच्या चढावर गाडी चौथ्या गिअरमध्ये रेंगाळत असतानाच इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक कडकड आवाज येऊ लागला आणि तिसरा गिअर टाकताच तो थांबला. निघताना पंपावर मी साधे पेट्रोल भरून घेतले होते. “दाजी, आता तरी महागातलं भरत जा,” असे शेजारी बसलेला मेहुणा लगेच म्हणाला.

या आवाजाला नॉकिंग म्हणतात. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पिस्टनने दाबल्यावर प्लगच्या ठिणगीपासून ज्वाला क्रमाने पसरत गेली पाहिजे. ती पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटले की हे ठोके बसतात. ऑक्टेन क्रमांक म्हणजे अशा अवेळी पेटण्याला इंधन किती विरोध करते त्याचे माप. शुद्ध आयसोऑक्टेनला 100 आणि हेप्टेनला शून्य मानून ते ठरते.

म्हणजे हा आकडा ताकदीचा नव्हे, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण बहुतेकांचे पैसे याच गैरसमजापायी जातात. इथेनॉलचे उदाहरण पाहा: त्याचा ऑक्टेन क्रमांक पेट्रोलपेक्षा बराच जास्त, पण लिटरमागची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच. म्हणूनच ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक 95 च्या आसपास जातो, तरी मायलेज थोडे घटते.

माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ‘किमान 91’ असे लिहिलेले आहे. इंजिन साधे, टर्बो नसलेले. त्यामुळे त्याला 100 ऑक्टेनचे पेट्रोल पाजून काही मिळण्यासारखे नव्हते. तरीही मनातली शंका फिटावी म्हणून मी चार वेळा टाकी प्रीमियमने भरली, वहीत नोंदी ठेवल्या आणि फरक फक्त पावतीवर दिसला. याउलट, ज्या गाडीची पुस्तिका 95 मागते, विशेषतः जास्त कॉम्प्रेशनची किंवा टर्बो इंजिनची, तिथे काटकसर मुळीच करू नये. नॉक सेन्सर ठिणगी उशिरा पाडून इंजिनाला सांभाळून घेतो खरा, पण त्यात ओढ कमी होते, मायलेज घटते, आणि जोराचे ठोके सतत बसत राहिले तर पिस्टनलाही इजा होते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आकडे ऐकताना मात्र सावध राहावे. तिथल्या पंपावर दोन चाचण्यांची सरासरी लिहिलेली असते, तर आपल्याकडे त्यांपैकी मोठा येणारा रिसर्च ऑक्टेन क्रमांक सांगितला जातो. त्यामुळे तिथले 87 हे आपल्या साधारण 91 ते 92 च्या जवळचे असते.

माझ्या गाडीच्या ठोक्यांचे मूळ अखेर प्लगमध्ये सापडले. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये कुणीतरी शिफारशीपेक्षा जास्त तापणाऱ्या प्रकारचे प्लग बसवले होते. मिस्त्रींनी एक काढून हातावर ठेवला, तेव्हा त्याचे टोक पांढरेफटक पडून त्यावर बारीक फोड आलेले दिसले. पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमांकाचे चार प्लग घातले. त्यानंतर साताऱ्याच्या दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही साध्या पेट्रोलवर, आणि घाटात तो आवाज पुन्हा आला नाही.