लोणच्याची बरणी अन् मावशीची गाठ

मागच्या मे महिन्यात मावशीच्या छातीतली गाठ काढली. आमच्या तालुक्याच्या गावात तपासायचा तुकडा नातेवाईकच नागपूरला नेऊन देतात, बरणी पण आपलीच, म्हणून मावशीची लोणच्याची बरणी धुऊन नेली होती. बाहेर ४५ डिग्री, एसटीत शेजारची आजी विचारते, "काय हाय बाप्पा त्यात, लोणचं?" मी हाव म्हटलं, दुसरं काय सांगणार.

लॅबवाल्या दादानं बरणी पाहून पहिलं विचारलं, गाठ काढली किती वाजता अन् फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा सडू नये म्हणून वापरतात त्या द्रवात, टाकली किती वाजता? कागदावर दोन्ही रकाने कोरे. गाठ अख्खीच्या अख्खी कोंबलेली, फॉर्मलिन नावापुरतं, खरं तर ते तुकड्याच्या दहापट लागते अन् गाठ मधून चिरावी लागते, नाहीतर आतपर्यंत पोचतच नाही. स्तनाच्या गाठीला तर तासाभराच्या आत फॉर्मलिन मिळायला पाहिजे.

मला वाटायचं गाठ बाहेर आली म्हणजे मेली. तसं नसते म्हणे. सर्जननं रक्तवाहिनी बांधली की गाठ अजून अंगातच असते पण ऑक्सिजन बंद, अन् पेशी तिथूनच हडबडतात, फॉस, जून, ईजीआर१ असे काही जीन मिनिटांतच जोरात चालू होतात, गावात रात्री अनोळखी माणूस शिरला की आधी कुत्री उठतात ना, तसंच. नंतर आरएनए, म्हणजे चालू जीनची पेशीतली नक्कल, तुटायला लागतो तो वेगळाच ताप. म्हणजे कोणी संशोधक त्या तुकड्यात फॉस वाढलेला पाहून कॅन्सरचा गुण समजेल, अन् असेल तो नुसता ऑपरेशनचा धक्का. आधी सुईनं घेतलेला तुकडा अन् ऑपरेशनमधला, गाठ एकच, तरी काही जीनचं रीडिंग वेगळं येऊ शकते.

जीन तपासायचे असले तर तुकडा लगेच उणे १९६ डिग्रीच्या नायट्रोजनमध्ये गोठवतात. हा नायट्रोजन आमच्या गावात येतो बरं का, गाय भरवायला येणाऱ्या डॉक्टरच्या कॅनमध्ये, झाकण काढलं की धूर निघतो तोच! गायीसाठी नायट्रोजन, मावशीसाठी एसटी.

रिपोर्टात ईआर, म्हणजे गाठीच्या पेशीत इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारी जागा आहे का ते, निगेटिव्ह आलं. उशिरानं असं खोटं निगेटिव्ह येऊ शकते हे दादानं सांगितलं होतं म्हणून मी डॉक्टरच्या मागेच लागलो, सुईच्या जुन्या तुकड्यावर परत टेस्ट केली, पॉझिटिव्ह! आता मावशी रोज हार्मोनची गोळी घेते अन् मी दिसलो की विचारते, "माही बरणी कुठी टाकली रे?"