पाच वाजता मावळणारा दिवस

अंदमानात डिसेंबर महिन्यात सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. सहलीच्या पत्रकात ही माहिती कुठेतरी बारीक अक्षरांत छापलेलीही असते, परंतु मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या माणसाच्या मनावर तिचा काहीच परिणाम होत नाही, कारण पाच ही त्याच्या लेखी चहाचे आधण ठेवण्याची वेळ असते आणि दिवसाचा बराचसा भाग अजून आपल्या हातात आहे अशी त्याची खात्री असते. स्वराज द्वीपावर पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी ही खात्री निकालात निघते. दुपारचे जेवण, थोडी वामकुक्षी आणि मग निवांतपणे समुद्रावर, असा बेत आखलेला असतो. प्रत्यक्षात वामकुक्षी संपते तेव्हा उन्हे पिवळी पडलेली असतात, आणि तयार होऊन खोलीबाहेर यावे तर रिसॉर्टचे कर्मचारी वाटेवरचे दिवे लावत असतात.

याचे कारण सरळ भूगोलाचे आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. मुंबई त्रेहात्तराव्या रेखांशाच्या आसपास आहे आणि हे बेट त्र्याण्णवाव्याच्या. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे या शाळेतल्या हिशोबाने दोन्ही ठिकाणच्या सूर्यांत सुमारे ८० मिनिटांचे अंतर पडते, मनगटावरचे घड्याळ मात्र दोन्हीकडे तेच असते. परदेशात गेलो की आपण विमानातच काटे फिरवून घेतो आणि मनानेही तयार होतो. येथे देश तोच, नोटा त्याच, घड्याळ तेच, आणि तरीही दिवस सव्वा तासाने पुढे सरकलेला असतो.

हॅवलॉक हे या बेटाचे जुने नाव. १८५७ च्या धामधुमीतील इंग्रज सेनानी हेन्री हॅवलॉक याच्यावरून ते पडले होते. ३० डिसेंबर २०१८ रोजी ते बदलून स्वराज द्वीप झाले, तरी धक्क्यावरचे रिक्षावाले अजून सर्रास जुनेच नाव घेतात आणि प्रवासी दोन्ही नावे आलटून पालटून वापरतात.

बेटावरच्या अशा दिवसात रिसॉर्टचे वेळापत्रक कसे बसते, हे पाहण्यासारखे असते. न्याहारी साडेसात ते दहा. सूर्य साडेपाचच्या आसपास उगवलेला असतो, म्हणजे पहिला चहा हाती पडेपर्यंत सकाळचे सर्वांत कोवळे दोन तास सरलेले असतात. रात्रीचे जेवण आठ वाजता. अंधार सहाच्या आधीच पडलेला असतो, म्हणजे मधली दोन-अडीच तासांची रिकामी पोकळी प्रत्येकाने आपापल्या मगदुराप्रमाणे भरायची. एका मराठी कुटुंबाने तेथे पत्त्यांचा डाव मांडला होता. दुसरे एक जोडपे घरी राहिलेल्या कुत्र्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. चेन्नईहून समुद्राच्या तळाशी सुमारे २,३०० किलोमीटर केबल टाकून ऑगस्ट २०२० मध्ये ही बेटे जोडली गेली नसती, तर त्या कुत्र्याला आपल्या मालकांची ख्यालीखुशाली इतक्या स्पष्टपणे कळली नसती. संपूर्ण आराम करायचा म्हणून आपण पैसे मोजतो, आणि अंधारातले अडीच तास समोर आले की सर्वांत आधी वायफायचा पासवर्ड विचारतो. आरामाचा सराव नसला की तोही अंगावर येतो.

आमच्याबरोबर आत्या होती. तिचे माहेर-सासर दोन्ही गुहागरकडचे, त्यामुळे समुद्र ही गोष्ट तिला दाखवायला नेण्याची नव्हती. उलट, सहलीला एवढा खर्च करून पुन्हा समुद्रावरच कशाला जायचे, हा तिचा निघण्यापूर्वीचा प्रश्न होता आणि त्याला घरातल्या कोणालाही समाधानकारक उत्तर देता आले नव्हते. पोहोचल्यावर नारळी-पोफळीच्या बागा, केळी आणि अंगणातली कोंबडी पाहून तिचा प्रश्न आणखीच पक्का झाला. या बागा लावणारे मात्र कोकणातले नव्हेत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना येथे वसवण्यात आले, त्यांनी जंगल तोडून शेती केली आणि आपल्या वस्त्यांना गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी नावे दिली. आजही बेटावर कानावर पडणारी भाषा बंगालीच आहे. रिसॉर्टच्या कुंपणापलीकडे सकाळी सात वाजता भाताची शेते निम्मी कामे उरकून बसलेली दिसतात, कारण तेथला शेतकरी घड्याळाला फारसा विचारत नाही.

बहुतेक रिसॉर्ट्स पूर्वेकडील किनाऱ्यावर, गोविंदनगर ते विजयनगर या पट्ट्यात आहेत. त्यांच्या जाहिरातींतील छायाचित्रांत पाणी नेहमी झोपाळ्यापर्यंत आलेले असते, निळे, स्थिर आणि काठोकाठ. ही छायाचित्रे खोटी नसतात, फक्त ती भरतीच्या वेळी काढलेली असतात. या बाजूचा तळ उथळ आणि प्रवाळ-खडकांचा असल्यामुळे मोठ्या ओहोटीला समुद्र लांबवर मागे जातो आणि जेथे पोहायचे म्हणून आलो, तेथे शेवाळलेले खडक, पाण्याची डबकी आणि रिकाम्या शंखांत बिऱ्हाड थाटलेले छोटे खेकडे उरतात. आम्ही गेलो तेव्हा नुकतीच पौर्णिमा होऊन गेली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. पहाटे उठून पाहिले तर समुद्र जवळजवळ क्षितिजाला टेकलेला. शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी स्वागतकक्षात जाऊन रीतसर तक्रार केली. आत्याने मात्र तिथल्या मुलाला हिंदीत विचारले, "पानी कब आयेगा?" त्याने अतिशय नम्रपणे चोवीस तास गरम पाणी असल्याचे सांगितले.

मग तिने आपले गणित काढले. कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत अजून चालणारा हा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीड वाजता. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि चंद्राच्या या चालीला तिथीची सांगड घातली की पाऊण तासाचा हिशोब जवळपास जुळून येतो. कोणत्याही उपकरणाविना, केवळ पंचांगावर चालणारी ही व्यवस्था मला नेहमीच थक्क करते. परंतु येथे दीडच्या ऐवजी अकराच्या सुमारासच पाणी भरून आले आणि आत्या काहीशी नाराज झाली. "ह्यांचा चंद्र वेगळा आहे का रे?" चंद्र तोच होता, पण तो या बेटाच्या माथ्यावर मुंबईच्या सव्वा तास आधी येतो, आणि त्याखेरीज प्रत्येक किनाऱ्याचा उतार, खोली व खाड्यांची रचना यांप्रमाणे भरतीची वेळ बदलते. अंदमानात पाण्याचा चढउतारही मुंबईच्या मानाने बराच कमी असतो. मात्र एकदा येथली वेळ पाहून घेतल्यावर आत्याने पुढच्या दिवसांचे पाणी पाऊण-पाऊण तास पुढे धरून बिनचूक सांगितले, आणि शेजारचे गृहस्थ स्वागतकक्ष सोडून तिला विचारून पोहायला जाऊ लागले.

राधानगरचा किनारा बेटाच्या पश्चिमेला, धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. बेटावर त्याला सात नंबर म्हणतात. २००४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्याला आशियातील सर्वोत्तम किनारा ठरवले, २०२० मध्ये त्याला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ब्लू फ्लॅग मानांकनही मिळाले, आणि तेव्हापासून प्रत्येक सहलीत सूर्यास्त म्हणजे राधानगर हे समीकरण झाले आहे. कौतुक अनाठायी नाही. मागे समुद्रमोहाच्या उंच, जुन्या झाडांचे दाट रान, पुढे चंद्रकोरीसारखी वळलेली रुंद पुळण, आणि पायाखाली पिठासारखी पांढरी वाळू. प्रवाळबेटांच्या परिसरातील अशा वाळूचा बराचसा भाग पोपटमासा तयार करतो. हा मासा आपल्या चोचीसारख्या जबड्याने प्रवाळाचे खडक खरवडतो, त्यातले शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना बारीक कण करून बाहेर टाकतो. म्हणजे ज्या वाळूवर नवपरिणीत जोडपी बदामाची आकृती काढून आपली नावे लिहितात, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या माशांच्या पोटातून गेलेली असते. ही माहिती मी तेथे कोणालाही दिली नाही.

सूर्यास्ताला तेथे गर्दी उसळते, आणि ती गर्दीही घड्याळाने फसलेलीच असते. साडेपाचला सूर्य पाहू अशा अंदाजाने निघालेल्या गाड्या पोहोचतात तेव्हा आकाशात केवळ लाली उरलेली असते. अंधाराआधी जीवरक्षक शिट्ट्या वाजवून सर्वांना पाण्याबाहेर काढतात. या बेटांच्या पाण्यात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत, म्हणून राधानगरला पोहण्यासाठी जाळी लावून भाग आखून दिलेला आहे, त्यामुळे शिट्टीकडे दुर्लक्ष करण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. आत्या तेवढ्या वेळात झाडाखाली बसून होती. समुद्रात सूर्य बुडताना तिने जन्मभर पाहिलेला आहे, परंतु समुद्रातून उगवताना कधीच नाही, कारण आपला सारा किनारा पश्चिमेचा. तिला अप्रूप होते ते रिसॉर्टसमोरच्या, खडकाळ म्हणून सगळ्यांनी नावे ठेवलेल्या पूर्वेच्या किनाऱ्याचे. रोज साडेपाचला ती तेथे हात जोडून उभी असे, आणि न्याहारीची वेळ होईपर्यंत तिचा अर्धा दिवस भरून झालेला असे. आमच्यापैकी तिचेच पैसे सर्वांत चांगले वसूल झाले असे मला वाटते.

मराठी माणसाची अंदमान सहल या बेटापासून सुरू होत नाही. ती पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला, सेल्युलर जेलमध्ये सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या जहाजाने येथे येते. जवळपास सगळ्या मराठी सहलींचा हा क्रम ठरलेला आहे. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकरांना जुलै १९११ मध्ये तेथे आणले तेव्हा शिक्षा दोन जन्मठेपांची, पन्नास वर्षांची होती, आणि त्यांच्या बिल्ल्यावर सुटकेचे साल १९६० असे कोरलेले होते. कोलूला जुंपलेल्या कैद्याने रोज ३० पौंड खोबरेल काढून द्यायचे असे. त्याचा दिवस संपला की नाही, हे सूर्य ठरवत नसे, तेलाचे माप ठरवत असे. हे ऐकून डोळे ओले करून बाहेर पडलेली माणसे चोवीस तासांच्या आत शहाळ्यात नळी घालून आरामखुर्चीत रेललेली असतात. यात ढोंग आहे असे काही लोक म्हणतात. मला तसे वाटत नाही. एका सहलीत दोन्ही बसवायचे तर एका भावनेला किती तास द्यायचे हे आयोजकच ठरवतो, आणि आपण निमूटपणे बसमध्ये चढतो. मात्र १९६० हा आकडा नुकताच पाहून आल्यावर, खोली अकराऐवजी दहालाच सोडावी लागेल यावरून स्वागतकक्षात आवाज चढवताना माझी जीभ थोडी अडखळली, हे खरे.

परतीचे जहाज हा बेटावरचा सर्वांत गंभीर विषय असतो. चांगल्या हवेत खाजगी जहाजाने दीड तासात पोर्ट ब्लेअर गाठता येते, परंतु हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात आणि मग हॉटेल, विमान, रजा, सगळेच समुद्राच्या मर्जीवर जाते. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे या आणि शेजारच्या नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपावर, हजाराहून अधिक पर्यटक काही दिवस अडकून पडले होते आणि त्यांना आणण्यासाठी नौदल व तटरक्षक दलाची जहाजे पाठवावी लागली. म्हणून जाणकार लोक विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरला मुक्काम करण्याचा सल्ला देतात. आमच्या सहलीतही तशी एक रात्र होती, आणि ती वाया जाते म्हणून काढून टाकावी असा प्रस्ताव निघण्यापूर्वी बहुमताने मंजूर होत आला होता. तो आत्याने हाणून पाडला. तिचे म्हणणे इतकेच होते की दाभोळची खाडी ओलांडायची असली तरी माणूस परतीची वेळ बोलून दाखवत नाही, आणि तुम्ही तर तिकिटे छापून घेतली आहेत.